गियर ऑइल परत परत दुधाळ होतंय? नवं सील आणण्याआधी हे वाचा

तक्रार ठरलेली असते. ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावतात ते इंजिन), दहा-पंधरा वर्षं खारं पाणी खाल्लेलं, आणि फायबरची होडी. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) शाफ्टचं ऑइल सील नवं टाकलं, गियर ऑइल नवं भरलं, होडी पाण्यात गेली. दिवाळीला ड्रेन स्क्रू सोडून बघितलं तर ऑइल दुधाळ. पुन्हा सील, पुन्हा ऑइल. आणि नाताळात, गोव्यात सिकेरीहून डॉल्फिन दाखवायची एकेक फेरी मोलाची असते नेमकं तेव्हा, पात्रांवाचा, म्हणजे होडीमालकाचा, फोन येतो, "मेस्त्री, परत दूध झालं."

यावर सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, सील डुप्लिकेट निघालं. कधीकधी ते खरंही असतं, त्याबद्दल पुढे लिहितो. पण एकाच हंगामात दुसरं सील गेलं की सीलला शिव्या देणं थांबवायचं आणि त्याला खातंय कोण ते बघायचं. ते सापडलं नाही तर तिसरंही जाणार, मग ते कितीही भारी आणा.

ऑइल दुधाळ होतं म्हणजे त्यात पाणी मिसळतंय, म्हणून आधी पाणी आत शिरतं कसं ते. होडी चालत असताना गियरकेसमधलं (इंजिनाच्या खालच्या, गियर असलेल्या भागातलं) ऑइल तापतं, आतली थोडीशी हवा फुगते आणि दाब बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून चालत्या इंजिनात पाणी फारसं शिरत नाही, झालंच तर थोडं ऑइल बाहेर झिरपतं. खरा प्रकार इंजिन बंद केल्यावर होतो. गियरकेस पाण्यात बुडालेली असते, ऑइल आणि हवा भराभर थंड होतात, आत हवेची ओढ तयार होते आणि सीलची ओठपट्टी (शाफ्टला टेकणारी रबरी कड) जरा जरी सैल असली तरी पाणी आत ओढलं जातं. रोज दहा फेऱ्या मारणाऱ्या होडीत हे दिवसाला दहा वेळा होतं. दिवसभर जाळ्यावर एकाच जागी थांबणाऱ्या होडीपेक्षा पर्यटकांच्या होडीचं ऑइल लवकर बिघडतं, त्याचं एक कारण हेच.

पाणीच आहे ना, याची खात्री

इंजिन चालवून आणल्या आणल्या ऑइल काढलं तर ते फेसामुळेही पांढरट दिसतं. ते बघून घाबरून गियरकेस खोलू नका. काचेची स्वच्छ बरणी घ्या, त्यात अर्धी वाटी ऑइल काढा आणि रात्रभर ठेवा. हवेचे बुडबुडे असतील तर सकाळपर्यंत ऑइल नितळ होतं. पाणी असेल तर रंग तसाच पिठूळ राहतो, आणि पाणी जास्त असेल तर तळाला वेगळा थरही दिसतो.

याहून सोपी पद्धत म्हणजे होडी रात्रभर हलवायची नाही, इंजिन उभं ठेवायचं, आणि सकाळी खालचा ड्रेन स्क्रू अगदी अर्धा फेरा सैल करायचा. ऑइलच्या आधी स्वच्छ पाण्याचे थेंब आले तर पुढे विचारायलाच नको. त्याच वेळी स्क्रूच्या टोकाचं लोहचुंबक बघा (ते सगळ्या मॉडेलांत नसतं). त्यावर राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा आला तर सीलचा विषय बाजूला ठेवून गियर खोला.

सील न खोलता गळती शोधणं

आमच्या बाजूला बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते निम्मे खर्च याच एका गाळण्यामुळे होतात. गियरकेसमध्ये पाणी शिरायला पंख्याच्या शाफ्टचं सील ही एकच वाट नाही. खालच्या ड्रेन आणि वरच्या व्हेंट (हवेच्या) स्क्रूंचे वॉशर आहेत, कॅरिअरच्या (पंख्याचा शाफ्ट आणि त्याची सीलं धरणाऱ्या भागाच्या) भोवतीची ओ-रिंग आहे, वरून येणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचं सील आहे जे वॉटर पंपाच्या खाली लपलेलं असतं, गियर टाकायच्या रॉडचं छोटं सील आहे, आणि जुन्या इंजिनात खुद्द अॅल्युमिनियमच्या अंगाला पडलेले खड्डे किंवा बारीक चीर आहे. पंख्याकडचं सील तीनदा बदललं आणि पाणी वरून येत होतं, असं इंजिन जेटीवर कधीही बघायला मिळेल.

म्हणून दाबाची चाचणी. महागडं उपकरण लागत नाही. एक जुना व्हेंट स्क्रू घ्या, मधोमध आरपार भोक पाडून घ्या आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह इपॉक्सीने पक्का बसवा. गियरकेस इंजिनापासून सोडवून, ऑइल काढून, हा स्क्रू व्हेंटच्या जागी लावा, खालचा स्क्रू नव्या वॉशरने घट्ट करा. हातपंपाने आधी ३-४ पीएसआय हवा भरा, कारण काही सील जास्त दाबाला घट्ट दबतात आणि कमी दाबाला गळतात. मग १० पीएसआयपर्यंत न्या. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा, पण पेट्रोल पंपावरची टायरची हवा लावू नका, ओठपट्टी उलटी होते. आता गियरकेस पाण्याच्या पिंपात बुडवा आणि दोन्ही शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. फिरवणं महत्त्वाचं, नाहीतर शाफ्टच्या एकाच बाजूची झीज लपून राहते.

बुडबुडे कुठून येतात ते नीट बघा. शाफ्टला लागून येत असतील तर सील. कॅरिअरच्या बाहेरच्या कडेने येत असतील तर ओ-रिंग. वरच्या बाजूला पंपाच्या पाटीखालून येत असतील तर ड्राइव्ह शाफ्टचं सील. स्क्रूपाशी आले तर दहा-वीस रुपयांचा वॉशर, आणि हसू नका, हे फार वेळा होतं, कारण जुना चेपलेला वॉशरच परत लावलेला असतो. ऑइल बदलताना प्रत्येक वेळी दोन्ही वॉशर नवे घ्यायचे.

काहीच बुडबुडे आले नाहीत आणि तरीही पाणी येत असेल तर उलटी चाचणी करा. दुचाकीच्या गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढायला हाताचा व्हॅक्यूम पंप असतो, तो लावून आतून हवा ओढा आणि सीलच्या भोवती थोडं ऑइल लावून ठेवा. काटा खाली येत असेल आणि ते ऑइल आत ओढलं जात असेल तर चोर सापडला. पाणी आत येतं ते ओढीमुळेच, त्यामुळे ही चाचणी खऱ्या परिस्थितीच्या जास्त जवळ आहे.

गळती पंख्याच्या सीललाच असेल तर

पंख्याची स्प्लिट पिन आणि नट काढून पंखा खेचा आणि मागचा थ्रस्ट वॉशर बाजूला करा. शापोरा नदीच्या मुखाशी, मोरजीसमोर, मालीमच्या आसपास, जिथे जाळी आणि गऱ्या दोन्ही पाण्यात असतात तिथल्या होड्यांमध्ये वॉशरमागे हमखास तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) सापडतो. सुरुवातीला तो दिसतही नाही, शाफ्टला लागून एक काळपट कडं दिसतं, ग्रीस वाळल्यासारखं. नखाने टोकरलं की कळतं, तो वितळून एकजीव झालेला नायलॉन आहे. ब्लेडने कापून उलगडायला घेतलं की हातभर लांबी सहज निघते. हा तंगूस फिरता फिरता तापतो आणि सीलच्या ओठाखाली घुसतो. नवं सील टाकलं आणि चारच दिवसांनी परत तंगूस गुंडाळला गेला, तर त्यात सील बनवणाऱ्याचा काय दोष? हंगामात पंखा आठवड्यातून एकदा उतरवून मागे बघणं हा एकमेव उपाय. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या निमित्ताने शाफ्टच्या खाचांना वॉटरप्रूफ ग्रीसही लागतं, नाहीतर पंखा असा चिकटून बसतो की काढायला पुढच्या वर्षी घण लागेल.

दुसरं कारण जुन्या इंजिनांचं खास आहे, आणि सील पुन्हा पुन्हा जाण्यामागे सगळ्यात जास्त तेच असतं. सीलची ओठपट्टी शाफ्टवर जिथे घासते तिथे वर्षानुवर्षं वाळू आणि मीठ अडकून शाफ्टलाच खाच पडते. शाफ्ट पुसून उन्हात धरा, एक चकचकीत वर्तुळ दिसेल. त्यावर नख आडवं फिरवा. नख अडलं तर नवं सील त्या खाचेत बसणार, आणि पहिल्या दिवसापासून सैल बसणार. रबर मऊ असल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस तरून जातं, मग दूध. किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या होड्यांत, पाळोळ्याला असतात तशा, ही खाच लवकर पडते, कारण लाटेबरोबर वाळू थेट पंख्याच्या मागे जाऊन बसते.

खाचेवर तीन उपाय आहेत. कॅरिअरमध्ये जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या पृष्ठभागावर येतो. पैसे लागत नाहीत, पण दोन सीलं एकमेकांना टेकलेली असतील तर हे जमत नाही. दुसरा उपाय म्हणजे शाफ्टवर चढवायची पातळ स्टेनलेस बाही, स्पीडी-स्लीव्ह नावाने मिळते. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सीलचा माप तोच राहतो. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजूनच मागवा, अंदाजे नाही. तिसरा, शाफ्टच नवा. कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर शाफ्टला हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून देणारा कारागीर गाठता आला तर तेही चालतं, पण वेल्डिंगने भरून टर्न केलेला शाफ्ट मी घेणार नाही. तो तापून वाकतो आणि मग पुढचं सगळंच वाकडं.

वाकडेपणाचंच बोलायचं तर तेही एक मोठं कारण आहे. नदीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्टीवर किंवा ओहोटीला खडकावर पंखा आपटला की पातं वाकलेलं दिसतं, शाफ्ट वाकलेला दिसत नाही. पातं ठोकून सरळ केलं जातं, शाफ्ट तसाच राहतो. इंजिनाची प्लग कॅप काढून ठेवा (ही सवय कायमची लावा, पंख्याजवळ हात घालण्याआधी प्लग कॅप सुटी), न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवा आणि एक तार शाफ्टच्या टोकाजवळ स्थिर धरून मधली फट बघा. फट कमी-जास्त होत असेल तर डायल गेज लावून माप घ्या आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. सोबत शाफ्ट वर-खाली हलवूनही बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं आहे, आणि लंगडणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

आता ते डुप्लिकेट सील. सीलच्या अंगावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलात की तेच आकडे सांगून बेअरिंगच्या दुकानातून दुचाकीचं किंवा पंपाचं सील आणता येतं, निम्म्याहून कमी पैशात, आणि ते अगदी फिट बसतं. रबरही बहुधा तेच असतं, नायट्राइल. फरक ओठाच्या मागच्या बारीक स्प्रिंगमध्ये असतो. समुद्रासाठी बनवलेल्या सीलमध्ये ती स्टेनलेस असते, साध्या सीलमध्ये साध्या पोलादाची. खाऱ्या पाण्यात साधी स्प्रिंग गंजते, तुटते आणि ओठाला दाबून धरणारं काही उरत नाही. काढलेलं जुनं सील फेकण्याआधी ती स्प्रिंग नखाने उचलून बघा. हातात लाल चुरा आला तर काटकसर कुठे झाली ते कळेल.

प्रत्यक्ष बदलताना

कॅरिअरचे दोन बोल्ट हा या कामातला खरा शत्रू. स्टेनलेसचा बोल्ट, अॅल्युमिनियमचं अंग आणि मधे मीठ, म्हणजे पांढरी भुकटी धरून बोल्ट जाम झालेला असतो. जोर लावला की मान तुटते आणि मग दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी बोल्टाच्या भोवतीचं अंग ब्लो लॅम्पने गरम करा, बोल्ट नाही, आणि आधी किंचित घट्ट करून मग सैल करा. ज्योत लावण्याआधी ते ऑइल पुसून काढा, आणि पेट्रोलची टाकी जवळपास नको. कॅरिअर बाहेर काढायला पुलर वापरा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं की ओ-रिंगची बैठक चेपते आणि नवी गळती आपणच तयार करतो.

शाफ्ट बाहेर येताना आतल्या शिम (पातळ चकत्या) आणि वॉशर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. काही मॉडेलांत शाफ्टच्या पुढच्या टोकाला गियर टाकायची छोटी पिन सुटी असते. ती वाळूत पडली तर दिवस संपला.

जुनी सीलं काढण्याआधीही फोटो काढा, ओठ कुठल्या बाजूला आहे तो. बहुतेक इंजिनांत दोन सीलं असतात. काहींत ती पाठीला पाठ लावून असतात, आतलं ऑइल धरतं आणि बाहेरचं पाणी अडवतं. काहींत दोन्हींची तोंडं पाण्याकडेच असतात. इथे डोक्याने ठरवू नका, मॅन्युअल किंवा फोटो. फक्त आधीच्या कोणीतरी उलटं बसवलेलं असेल तर फोटोही फसवेल, म्हणून मॅन्युअल मिळालं तर उत्तम. सीलची बैठक कापडाने पुसून कोरडी करा, नव्या सीलच्या धातूच्या बाहेरच्या कडेला गॅस्केट सीलंटचा पातळ हात द्या, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट टेकवून सरळ ठोका. तिरकं गेलं तर ते काढून टाका, ठोकून सरळ करू नका. ओठाला आणि दोन सीलांच्या मधल्या पोकळीत वॉटरप्रूफ ग्रीस भरा. कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं. शाफ्टच्या खाचांच्या टोकाला धार असते, तिथे सेलोटेपचा एक वेढा देऊन मगच कॅरिअर सरकवा.

ओ-रिंग नवीच. तिच्या बैठकीत अॅल्युमिनियम खाऊन खड्डे पडले असतील तर ते खरवडून, कोरडे करून इपॉक्सीने भरून सपाट करावे लागतात, नाहीतर सीलचा सगळा खटाटोप वाया. हे खड्डे पडण्यामागे बऱ्याचदा अॅनोडकडे झालेलं दुर्लक्ष असतं. इंजिनाखालचा तो करडा तुकडा स्वतः झिजून बाकीचं अंग वाचवतो. तो रंगवला तर काही उपयोग नाही, आणि झिजून अर्धा झाला की बदलायचा. नदीत उभ्या राहणाऱ्या होडीला जस्तापेक्षा अॅल्युमिनियमचा अॅनोड बरा, कारण पावसाळ्यात आपल्या नद्यांचं पाणी गोडं होतं आणि गोड्या पाण्यात जस्तावर थर धरून ते काम थांबवतं.

बोल्टांना ग्रीस लावून बसवा आणि ऑइल भरण्याआधी पुन्हा एकदा दाबाची चाचणी घ्या. ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्या व्हेंटमधून बुडबुड्याविना बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर ड्रेनचा थेंब बघायचा, आणि एरवी १०० तासांनी ऑइल बदलायचं.

पावसाळ्याचं एक वेगळं सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, पर्यटकांच्या होड्याही ओढून झावळ्यांखाली जातात. ऑइल बदलायचं ते बहुतेक जण ऑगस्टमध्ये, होडी उतरवताना. ते मे महिन्यात व्हायला हवं. पाणी मिसळलेलं ऑइल आत ठेवून इंजिन दोन-तीन महिने उभं राहिलं की बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके येतात. मग सप्टेंबरात नवं सील टाकलं तरी ती बेअरिंगं खरखरतात, शाफ्ट नाचतो आणि सील जातं. अशा फुटलेल्या बऱ्याच सीलांची गोष्ट मागच्या जूनमध्ये सुरू झालेली असते.

आणि ऐन हंगामात पार्ट येईपर्यंत होडी चालवावीच लागली तर? धक्क्याला लागल्याबरोबर इंजिन वर उचलून गियरकेस पाण्याबाहेर काढा, म्हणजे थंड होताना आत पाण्याऐवजी हवा ओढली जाईल. रोज संध्याकाळी ड्रेनमधून पाणी किती येतं ते बघा आणि ऑइल दुधाळ दिसलं की लगेच बदला, साधं ९० नंबरचं गियर ऑइल असलं तरी चालेल. काढलेलं ऑइल डब्यात, खाडीत नाही. काही जण ऑइलऐवजी गियरकेसमध्ये ग्रीस ठासतात आणि पाणी थांबलं म्हणून खूश होतात. ग्रीस वाहत नाही, गियर त्यात आपल्यापुरती वाट कोरतात आणि बेअरिंगं कोरडी राहतात. गियर टाकताना करकर ऐकू यायला लागली, किंवा ड्रेनच्या चुंबकावर टोचणारे कण आले, तर मात्र त्याच दिवशी होडी वर काढा. तिथून पुढे एकेक फेरीत गियरचे दात जातात, आणि पिनियनसकट (ड्राइव्ह शाफ्टवरच्या लहान गियरसकट) नवा संच जुन्या इंजिनाला परवडत नाही.